दात्याचा हात : अमेरिकन परदेशी मदतीची पाऊणशे वर्षे

आमच्या धर्मग्रामाच्या कोठीत पत्र्याचा एक जुना चौकोनी डबा आहे. त्याच्या एका बाजूवर ढालीचे चित्र पुसटसे दिसते आणि त्या ढालीत हस्तांदोलन करणारे दोन हात. खाली इंग्रजी अक्षरे आहेत. त्यांचा अर्थ असा, की हे अमेरिकेच्या जनतेने दिलेले दान आहे. त्याची विक्री अथवा अदलाबदल करू नये. एके काळी या डब्यातून तेल आले होते. आमच्या ज्येष्ठ मंडळींना तो डबा दाखविला, की त्यांची मुद्रा पालटते. कोणाला दुधाच्या पावडरीचा वास आठवतो, कोणाला रेशनच्या दुकानातील लालसर मिलो आठवते, तर कोणाला रिकाम्या पोत्याच्या कापडाची पिशवी. मला स्वतःला शाळेच्या मधल्या सुट्टीतील पिवळसर पिठाची लापशी आठवते. ती कोणी पाठविली, हे विचारण्याचे ते वय नव्हते.

२०२५ साली अमेरिकेने आपली परदेशी मदत संस्था बंद केली, तेव्हा आमच्या एका निवृत्त शिक्षकांनी मला मिस्सा संपल्यावर गाठले. ते म्हणाले, “फादर, ज्यांनी आपल्याला दूध पाजले, त्यांनी आता हात का आखडता घेतला?” दाराशी उभ्या उभ्या याचे उत्तर देता येईना. म्हणून हा लेखप्रपंच.

मात्र त्या प्रश्नात एक गृहीत दडलेले आहे. तो हात आजवर सदैव सैल होता आणि आताच आखडला गेला, असे आपण धरून चालतो. इतिहास तसे सांगत नाही. तो हात अनेकदा सैल झाला आणि अनेकदा आवळला गेला. तो केव्हा सैल होतो व केव्हा आवळतो, हे पाहिले म्हणजे पुष्कळ उलगडा होतो.

युरोपसाठी उघडलेली तिजोरी

मोजमापासाठी आपण एक सोपी रीत धरू. अमेरिकेच्या राष्ट्रीय उत्पन्नातील दर शंभर डॉलरमागे किती रक्कम परदेशांच्या मदतीसाठी गेली, ते पाहू. एकूण आकडा फसवा असतो. श्रीमंताची संपत्ती वाढत जाते, तसे त्याचे दानही मोठे दिसू लागते; पण शंभरातील वाटा पाहिला म्हणजे मनाचा मोठेपणा वाढला की घटला, हे कळते.

दुसऱ्या महायुद्धानंतर युरोप उद्ध्वस्त होऊन पडला होता. ५ जून १९४७ रोजी अमेरिकेचे परराष्ट्रमंत्री जॉर्ज मार्शल यांनी हार्वर्ड विद्यापीठात केलेल्या भाषणात युरोपच्या पुनर्उभारणीची कल्पना मांडली. ३ एप्रिल १९४८ रोजी राष्ट्राध्यक्ष ट्रुमन यांनी त्या कायद्यावर सही केली. पुढील चार वर्षांत पश्चिम युरोपला सुमारे १,३०० कोटी डॉलर मिळाले. त्या काळात या एकाच योजनेसाठी शंभर डॉलरमागे सुमारे एक डॉलर खर्ची पडला. एवढा वाटा त्यानंतर अमेरिकेने कधीही दिलेला नाही.

या औदार्यात माणुसकी निश्चितच होती. परंतु उपाशी युरोप साम्यवादाकडे झुकेल, ही भीतीही होती, आणि युरोप सावरला नाही तर अमेरिकेचा माल घेणार कोण, ही चिंताही होती. २० जानेवारी १९४९ रोजी ट्रुमन यांनी अध्यक्षपदाची सूत्रे पुन्हा हाती घेताना केलेल्या भाषणातील चौथ्या मुद्द्यात अविकसित देशांना तंत्रज्ञानाची मदत देण्याचे जाहीर केले, तेव्हाही शीतयुद्धाची पार्श्वभूमी होतीच. दया आणि भीती या दोघी या घरात एकाच दारातून आल्या आणि पुढे कायम एकत्र नांदल्या.

गव्हाची कोठारे

स्वतंत्र भारताला धान्याची चणचण पहिल्यापासून होती. १९५१ साली भारताने अमेरिकेकडे वीस लाख टन गहू मागितला. अमेरिकेच्या लोकप्रतिनिधींत त्यावर महिनोन् महिने वाद झाला. पंडित नेहरूंचे अलिप्ततेचे धोरण अनेकांना रुचत नव्हते. गव्हाच्या बदल्यात भारताने अणुशक्तीसाठी उपयोगी खनिजे द्यावीत, अशीही भाषा झाली. अखेर जूनमध्ये १९ कोटी डॉलरचे कर्ज मंजूर झाले. गहू आला, परंतु उंबरठ्यावर ताटकळत ठेवल्याचा सलही मागे राहिला.

त्यानंतर अमेरिकेतच एक नवी अडचण उभी राहिली. शेतकऱ्याला हमीभाव देण्यासाठी तेथील सरकार गहू विकत घेत असे आणि तो साठत चालला होता. कोठारे भरली, तेव्हा हडसन नदीत नांगरून ठेवलेल्या युद्धकालीन जहाजांतही गहू भरावा लागला. साठवणुकीचा खर्च चढतच होता. १० जुलै १९५४ रोजी राष्ट्राध्यक्ष आयझेनहॉवर यांनी ज्या कायद्यावर सही केली, तो सार्वजनिक कायदा क्रमांक ४८०. आपल्याकडे ‘पी. एल. ४८०’ ही अक्षरे घरोघरी पोहोचली, ती याच कायद्यामुळे. शिल्लक धान्य गरजू देशांना त्यांच्याच चलनात विकावे, काही भाग स्वयंसेवी संस्थांमार्फत विनामूल्य वाटावा, अशी त्यात तरतूद होती. अशा मालापैकी निदान निम्मा अमेरिकन जहाजांतूनच जावा, असा स्वतंत्र कायदाही त्याच वर्षी झाला. म्हणजे शेतकऱ्याचा माल उठला, जहाजवाल्याला भाडे मिळाले आणि भुकेल्याच्या पोटात अन्न पडले. एका दगडात किती पक्षी, ते वाचकांनीच मोजावे.

भारताशी या कायद्याखालचा पहिला करार १९५६ साली झाला. सर्वांत मोठा करार ४ मे १९६० रोजी वॉशिंग्टन येथे झाला. त्यावर भारताच्या वतीने सही करणारे अन्नमंत्री म्हणजे मुंबईचे स. का. पाटील. चार वर्षांत एक कोटी साठ लाख टन गहू आणि दहा लाख टन तांदूळ आणण्याचे ठरले. किंमत रुपयांत द्यावयाची होती. त्यामुळे दुर्मीळ परकीय चलन वाचले. ते रुपये भारतातच अमेरिकेच्या खात्यात जमा होत आणि त्यांतील मोठा भाग विकासकामांसाठी पुन्हा भारतालाच कर्जाऊ अथवा अनुदान म्हणून मिळे.

विनामूल्य वाटपाचा जो भाग होता, तो आपल्या धर्मग्रामांपर्यंत पोहोचला. अमेरिकेतील कॅथलिक महागुरूंनी स्थापन केलेली ‘कॅथलिक रिलीफ सर्व्हिसेस’ ही संस्था १९४६ पासून भारतात कार्य करीत होती. दूध, तेल व पीठ अनेक धर्मग्रामांतून, शाळांतून आणि दवाखान्यांतून वाटले गेले. आमच्या कोठीतील डबा त्याच काळाचा साक्षीदार आहे. हे अन्न सरकारी कोठारातले होते, पण वाटणारे हात मिशनचे होते. त्यामुळे पुष्कळांना ते ख्रिस्तसभेचेच दान वाटले.

येथे एक लोकसमजूतही तपासून पाहण्यासारखी आहे. आपल्या रस्त्यांच्या कडेला माजलेले गाजर गवत या पी. एल. ४८० च्या गव्हातून आले, असे सर्रास सांगितले जाते. परंतु पुण्यात ते आढळल्याची नोंद १९५५ सालची आहे आणि पी. एल. ४८० चा भारताशी पहिला करार १९५६ चा. तारखांचा मेळ बसत नाही. उपकाराची आठवण आणि उपकाराचा राग या दोहोंनाही तारखा पाहण्याची सवय नसते.

अर्थशास्त्रज्ञांनी मात्र निराळी शंका काढली होती. थिओडोर शुल्ट्झ यांनी १९६० सालीच दाखवून दिले, की स्वस्त आयात धान्यामुळे घेणाऱ्या देशातील शेतकऱ्याचा भाव पडतो आणि त्याचा पिकविण्याचा उत्साह मावळतो. भुकेल्याला आज जगविणारी भाकरी उद्याचे शेत ओसाड करू शकते. या इशाऱ्याकडे तेव्हा फारसे लक्ष गेले नाही.

मुंबईतले आवाहन आणि वॉशिंग्टनचा लगाम

१९६१ साली राष्ट्राध्यक्ष केनेडी यांनी मदतीचे विखुरलेले काम एका छत्राखाली आणले. ३ नोव्हेंबर १९६१ रोजी ‘यूसेड’ ही संस्था स्थापन झाली. त्या सुमारास शंभर डॉलरमागे अर्ध्या डॉलरहून थोडे अधिक जात होते. पंतनगरचे कृषी विद्यापीठ, कानपूरची आय. आय. टी. यांच्या उभारणीला अमेरिकन विद्यापीठांचे साहाय्य लाभले, तेही याच काळात. धान्य खाऊन संपते. विद्या मागे राहते. त्या मदतीतील हा सर्वांत टिकाऊ भाग म्हटला पाहिजे.

डिसेंबर १९६४ मध्ये आंतरराष्ट्रीय युखॅरिस्टिक काँग्रेसच्या निमित्ताने पोप सहावे पॉल मुंबईत आले. त्या सोहळ्याच्या आठवणी आपल्या अनेक कुटुंबांत आजही सांगितल्या जातात. परंतु त्याच भेटीत त्यांनी केलेले एक आवाहन आपण जवळजवळ विसरलो आहोत. राष्ट्रांनी शस्त्रास्त्रांवरील खर्चाचा काही भाग बाजूला काढून गरिबांसाठी एक जागतिक निधी उभारावा, असे त्यांनी मुंबईतून सांगितले. मार्च १९६७ मध्ये लोकांच्या विकासाविषयी काढलेल्या ‘पॉप्युलोरुम प्रोग्रेसिओ’ या परिपत्रकात त्यांनी त्या मुंबईतील आवाहनाचा मुद्दाम उल्लेख केला. देणाऱ्याने घेणाऱ्याच्या कारभारात ढवळाढवळ करू नये आणि घेणाऱ्याने मिळालेल्या मदतीचा नीट विनियोग करावा, यासाठी दोघांत संवाद हवा, असा त्यांचा आशय होता.

मुंबई आणि ते परिपत्रक यांच्या मधल्या सुमारे सव्वादोन वर्षांत काय घडले? १९६५ साली पाऊस रुसला. भारताचे अन्नधान्य उत्पादन ८ कोटी ९० लाख टनांवरून ७ कोटी २० लाख टनांवर घसरले. पुढील वर्षीही अवर्षण पडले आणि बिहारमध्ये दुष्काळाची छाया पसरली. नेमक्या त्याच काळात राष्ट्राध्यक्ष जॉन्सन यांनी दीर्घ मुदतीचे करार थांबवून महिन्याच्या हिशेबाने, जणू एकेक जहाज मोजून, गहू सोडण्याचे धोरण अवलंबिले. भारताने शेतीकडे लक्ष द्यावे, ही त्यांची अट होती आणि ती रास्त होती. व्हिएतनाम युद्धावर भारत करीत असलेली टीका त्यांना खुपत होती, हेही तितकेच खरे. मुंबईच्या गोदीत गहू उतरावा आणि थेट लोकांच्या मुखी जावा, अशी स्थिती होती. पंतप्रधान लालबहादूर शास्त्री यांनी सोमवारी रात्रीचे जेवण सोडण्याचे आवाहन केले, ते याच दिवसांत.

न्यायाने पाहिले, तर दोन्ही गोष्टी सांगितल्या पाहिजेत. १९६६ साली अमेरिकेच्या गव्हाच्या पिकापैकी सुमारे एक पंचमांश भाग एकट्या भारतात आला. त्या गव्हाने असंख्य जीव वाचले. जयप्रकाश नारायण यांच्या नेतृत्वाखालील समितीने आणि देशी-परदेशी संस्थांनी बिहारमध्ये जे कार्य केले, त्याला त्या धान्याचा आधार होता. पण प्रत्येक जहाजाबरोबर एक धडाही येत होता. ज्याच्या हाती आपले ताट आहे, त्याच्यापुढे आपली मानही असते.

तो धडा भारताने मनावर घेतला. अन्नमंत्री सी. सुब्रह्मण्यम यांनी १९६६ साली मेक्सिकोतून १८,००० टन बुटक्या जातीच्या गव्हाचे बियाणे आणविले. डॉ. नॉर्मन बोरलॉग यांचे संशोधन, डॉ. स्वामिनाथन यांच्यासारख्या भारतीय शास्त्रज्ञांचे परिश्रम आणि पंजाब-हरियाणाच्या शेतकऱ्यांचा घाम यांतून हरितक्रांती घडली. डिसेंबर १९७१ मध्ये बांगलादेशच्या युद्धाच्या वेळी अमेरिकेने भारताची मदत रोखली, तेव्हा तिचा धाक पूर्वीइतका उरला नव्हता. १८ फेब्रुवारी १९७४ रोजी अमेरिकन राजदूत डॅनिअल मोयनिहन यांनी भारतात साठलेल्या रुपयांपैकी १,६६४ कोटींचा धनादेश भारत सरकारला परत देऊन त्या पर्वाचा हिशेब मिटविला.

उतरता आलेख

ऑक्टोबर १९७० मध्ये संयुक्त राष्ट्रसंघाच्या आमसभेने श्रीमंत राष्ट्रांपुढे एक उद्दिष्ट ठेवले. शंभरामागे ०.७, म्हणजे सत्तर सेंट. अमेरिकेने हे उद्दिष्ट स्वतःवर कधीच बंधनकारक मानले नाही. त्या वर्षी तिचा वाटा ३२ सेंटवर आलेला होता. व्हिएतनामच्या युद्धाने लोक विटले होते आणि परदेशांत पैसा ओतून काय साधते, असा प्रश्न विचारू लागले होते. १९७३ साली कायद्यात दुरुस्ती करून शेती, आरोग्य व शिक्षण या गरिबांच्या मूलभूत गरजांकडे मदत वळविण्याचे ठरले. हेतू उत्तम होता. रक्कम मात्र वाढली नाही. १९७९ साली इजिप्त आणि इस्राएल यांच्यात शांतता करार झाला आणि त्यानंतर कित्येक वर्षे तेच दोन देश मदतीच्या यादीत अग्रस्थानी राहिले. आफ्रिकेतील अनेक देश त्यांच्याहून कितीतरी गरीब होते. परंतु यादी गरिबीच्या क्रमाने लागत नव्हती.

१९९१ साली सोव्हिएत संघ कोसळला. शीतयुद्धाचा खर्च वाचला, आता तो पैसा दुबळ्यांच्या वाट्याला येईल, असे अनेक भाबड्या मनांना वाटले. घडले उलटेच. भीती संपली आणि तिच्या सोबतीने येणारी दयाही पातळ झाली. १९९७ साली शंभर डॉलरमागे अवघे ९ सेंट जात होते. ‘यूसेड’ बंद करावी, असा आग्रह सिनेटर जेसी हेल्म्स यांनी तेव्हाच धरला होता. म्हणजे २०२५ साली जे घडले, त्याचे बीज तीस वर्षांपूर्वीच पडलेले होते.

पुन्हा चढ, आणि २०२५

११ सप्टेंबर २००१ च्या हल्ल्यांनंतर आलेख पुन्हा चढला. अफगाणिस्तान आणि इराक येथे मोठ्या रकमा गेल्या. भीती परत आली होती. परंतु याच काळात एक असे कार्य उभे राहिले, ज्यात भीतीपेक्षा करुणेचा वाटा अधिक होता. मे २००३ मध्ये राष्ट्राध्यक्ष जॉर्ज बुश यांनी एड्सच्या निवारणासाठी पाच वर्षांत १,५०० कोटी डॉलरची योजना मंजूर केली. आफ्रिकेत तोवर मृत्युदंड समजला जाणारा हा रोग औषधांनी आटोक्यात येऊ लागला. या योजनेने अडीच कोटी लोकांचे प्राण वाचविल्याचा अमेरिकन सरकारचाच अंदाज आहे. परदेशी मदत म्हणजे सारा राजकारणाचा खेळ, असे म्हणणाऱ्यांनी ही गोष्ट विसरू नये.

२०२३ साली अमेरिकेची मदत ६,००० कोटी डॉलरहून अधिक होती. जगात एवढी रक्कम कोणताच देश देत नव्हता. तरीही वाटा होता शंभरामागे २४ सेंट, आणि केंद्रीय खर्चाच्या हिशेबात सुमारे एक टक्का. गंमत अशी, की सामान्य अमेरिकन नागरिकाला विचारले, तर सरकारी खर्चाचा सुमारे चौथा हिस्सा परदेशांवर उधळला जातो, असे तो सांगे. जनमत चाचण्यांतून हे वारंवार दिसले आहे. आपण देतो त्याच्या पंचवीस पट देत आहोत, अशी समजूत ज्याची झाली, त्याला हात आखडता घेणे अन्यायाचे कसे वाटावे?

२० जानेवारी २०२५ रोजी राष्ट्राध्यक्ष ट्रम्प यांनी सत्तेवर येताच परदेशी विकास मदत नव्वद दिवसांसाठी स्थगित केली. मार्चमध्ये परराष्ट्रमंत्री मार्को रुबिओ यांनी ‘यूसेड’चे ८३ टक्के कार्यक्रम रद्द झाल्याचे जाहीर केले. १ जुलै रोजी या संस्थेचे काम थांबले आणि उरलेसुरले परराष्ट्र खात्याकडे गेले. ही मदत अमेरिकेच्या हिताची नव्हती आणि तिच्यात उधळपट्टी होती, असे सरकारचे म्हणणे. परंतु आफ्रिकेतील औषधांच्या रांगा आणि निर्वासितांच्या छावण्यांतील स्वयंपाकघरे यांना हा वाद ठाऊक नव्हता. आपल्या धर्मग्रामांत दूध पोहोचविणाऱ्या त्या ‘कॅथलिक रिलीफ सर्व्हिसेस’लाही तडाखा बसला, कारण तिच्या अंदाजपत्रकाचा सुमारे निम्मा भाग सरकारी निधीतून येत होता. सेवा करणारे हात मिशनचे असले, तरी कोठार दुसऱ्याचे होते. साठ वर्षांपूर्वी आपल्याला न जाणवलेला हा भेद अशा रीतीने उघडा पडला.

आपला डबा

गुरुजींच्या प्रश्नाचे उत्तर आता देता येईल. एक डॉलर, पन्नासहून अधिक सेंट, बत्तीस, नऊ, चोवीस आणि त्यानंतरची ही घसरण. हे चढउतार घेणाऱ्याच्या भुकेप्रमाणे झाले नाहीत. भूक तर सर्व काळ होतीच. ते झाले देणाऱ्याच्या भीतीप्रमाणे, त्याच्या कोठारातील शिलकीप्रमाणे आणि त्याच्या घरातील राजकारणाप्रमाणे. म्हणून अशी मदत कृतज्ञतेने घ्यावी, तिच्या बळावर लवकर आपल्या पायांवर उभे राहावे, आणि दुसरा संकटात असताना ती अकस्मात तोडू नये. भारताने पहिल्या दोन गोष्टी केल्या, कारण त्याला वर्षे मिळाली. ज्यांना नव्वद दिवसही मिळाले नाहीत, त्यांना ‘स्वावलंबी व्हा’ असे सांगणे सोपे आहे.

आता भारतही दात्यांच्या पंक्तीत बसतो. २००४ च्या त्सुनामीत त्याने परकीय सरकारांची मदत न घेता श्रीलंकेला व मालदीवला स्वतः मदत पाठविली. २०२२ साली पाकिस्तानमार्गे अफगाणिस्तानला गहू गेला. त्या पोत्यांवर लिहिले होते, की ही भारताच्या जनतेची भेट आहे. १९६६ साली गोदीवर गव्हाची पोती मोजणाऱ्या एखाद्या हमालाने ती अक्षरे पाहिली असती, तर त्याला काय वाटले असते!

आणि आपण स्वतः? कोठीतील तो अमेरिकन डबा आम्ही टाकून दिलेला नाही. दर महिन्याच्या पहिल्या रविवारी तो चर्चच्या दाराशी ठेवला जातो आणि गरीब कुटुंबांसाठी त्यात तांदूळ जमा होतो. गेली काही वर्षे मी पाहतो आहे. डबा भरतो, अनेकदा ओसंडूनही जातो. परंतु त्यात येतो तो बहुतेक रेशनचा तांदूळ, जो आपल्या घरी कोणी खात नाही. ज्या तांदळाचा भात आपल्या मुलांच्या ताटात पडतो, तो त्या डब्यात क्वचितच दिसतो. हा दोष मी माझ्याही पदरात घेतो, कारण धर्मगुरूच्या निवासातून जाणारी पिशवीही पुष्कळदा तशीच असते.

येत्या पहिल्या रविवारी ती पिशवी मी स्वयंपाकघरातील रोजच्या पिंपातून भरणार आहे. गुरुजींनाही मी तेच सांगितले. ते क्षणभर गप्प राहिले आणि म्हणाले, “फादर, मग आमच्याकडचीही तशीच येईल.”